चेहरा तेवढा बदल

"साडी सोड आधी."

मॅडम दारातूनच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पायातली चप्पलही अजून काढली नव्हती.

"आणि घडी घालत बसू नकोस. तशीच खुर्चीवर टाक. ड्रायक्लीनला जाईल."

सुजाता खिडकीपाशी उभी होती. अंगावर जांभळी पैठणी, पदर डाव्या हातावर, मान किंचित खिडकीकडे. हनुवटी जरा खाली, नजर लेन्सच्या जरा वर. असं बघायला मीच शिकवलं होतं तिला. मॅडम बोलल्या तरी ती तशीच बघत राहिली. ते वाक्य आपल्यासाठी आहे हे तिला पटकन कळलंच नाही.

"ही कोण?" मॅडमनी मला विचारलं.

"हेल्पर आहे, मॅडम. मॉडेल यायची आहे अजून, म्हणून लाइट बघायला उभी केली."

सुजाता माझी सख्खी बहीण. माझ्या पाठची.

"अरे, पहिल्यांदा बाहेर काढलाय हा पीस. एकच आहे. असा कुणालाही नेसवतात का? बघ किती घामेजलीये."

घाम नव्हता. एसी चालू होता. सुजाताचं कपाळ कोरडं होतं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मी ते जवळून बघितलं होतं. मी लाइटच्या स्टँडचा स्क्रू पिळत राहिलो. तो आधीच घट्ट होता.

सुजाता आतल्या खोलीकडे निघाली तशा मॅडम म्हणाल्या, "तिथे नको. मागे गॅलरीत कामवाल्या बाईचं बाथरूम आहे, तिथे बदल."

ती गेली. आपला सलवार-कमीज घालून परत आली. वॉर्डात पेशंटखालची चादर गोळा करून आणतात तशी पैठणी दोन्ही हातांवर घेऊन आली आणि खुर्चीवर ठेवली. ती नर्स आहे. त्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. भावाला साड्या नेसवायला कोणीतरी हवं, म्हणून झोप सोडून माझ्यासोबत हैदराबादच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत मॅडमच्या फ्लॅटवर आली होती.

मग मॉडेल आली. दिवसभर शूट चाललं. सुजाता त्या मुलीच्या निऱ्या घालत होती, पिना लावत होती. मी "जरा पदर वर," "जरा निऱ्या सरळ," असं म्हणत होतो. तिचं नाव घेत नव्हतो. नाव घेतलं असतं तर माझ्या आवाजावरून कळलं असतं.

परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "भूक लागली."

कोठीला उतरून हातगाडीवरची इडली खाल्ली. तिने चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली. मला वाटलं, विसरली असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आमचं घर बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या. बाबा नांदेडकडून इथे आले, एका सरकारी ऑफिसात अटेंडर म्हणून लागले आणि तिथेच रिटायर झाले. माय कोठीतल्या एका दवाखान्यात आया होती. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. मराठी मी बोलतो बरं, वाचताना अडखळतो.

बारावीनंतर कोठीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागलो. तिथे पासपोर्ट फोटोही काढायचे. मालकाला सगळे चाचा म्हणायचे. कॅमेरा हातात देताना त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही.

"सबकू गोरा करना, मियाँ. यहाँ से कोई काला होके नै जाना."

कॉम्प्युटरवर एक पट्टी होती. उजवीकडे ओढली की माणूस उजळायचा. अडत्यांचे हमाल, रिक्षावाले, परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली पोरं, सगळ्यांना मी ओढत होतो. लोक खूश होऊन जायचे. मीही खूश व्हायचो. त्यात काही वाईट आहे हे डोक्यात आलंच नाही.

पण खरा फोटो कसा काढतात ते मला कळून घ्यायचं होतं. क्लास लावायची ऐपत नव्हती. कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात फॅशनची मासिकं मिळायची. ती आणायचो आणि मॉडेलच्या कपड्यांकडे न बघता डोळ्यांकडे बघायचो. बुबुळात एक पांढरा ठिपका असतो. खिडकीचा असेल तर चौकोनी, छत्रीचा असेल तर गोल. त्या ठिपक्यावरून उजेड कुठून आला, किती उंचावरून आला, हे ओळखायला शिकलो. बाकीचं मोबाईलवर व्हिडिओ बघून. पहिला कॅमेरा सेकंड हँड, कोठीतूनच घेतला. त्याचं एक बटन चालायचं नाही.

आणि शिकायला चेहरा एकच होता. सुजाताचा.

आमच्या खोलीला एक खिडकी. समोर मिरचीचं गोदाम. दुपारी उजेड त्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून आत यायचा, इतका मऊ की त्याच्यासाठी लोक स्टुडिओत हजारो खर्च करतात. मी सुजाताला खिडकीशी बसवायचो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट धरायला माय. समोरून मिरचीची पूड उडत यायची आणि सुजाताच्या डोळ्यांना पाणी यायचं. तसा एक फोटो मी इंटरनेटवरच्या माझ्या पेजवर टाकला. लोकांनी लिहिलं, काय भाव आहेत, काय वेदना आहे. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

सुजाता सावळी नाही, काळी आहे. माझ्या आजीसारखी. गालाच्या हाडावर उजेड पडला की तिथे निळसर झाक येते. ती झाक फोटोत यावी म्हणून मी कितीतरी दुपारी घालवल्या. आधी फोटो करपल्यासारखे यायचे. मग कळलं, कॅमेऱ्याला तिच्यासाठी वेगळं सांगावं लागतं, उजेड समोरून फेकून चालत नाही, बाजूने वाहू द्यावा लागतो. मला जे काही येतं ते तिच्या चेहऱ्यावर शिकलोय. ती ड्युटीवरून यायची, पाय सुजलेले असायचे, तरी बसायची. कधी नाही म्हणाली नाही.

तिचेच फोटो बघून एका तेलुगू डिझायनर बाईने मला पहिलं काम दिलं. मग दुसरं आलं. मी दुकान सोडलं.

मराठी गिऱ्हाइकं नंतर आली. पुण्या-मुंबईची, इकडे आयटीत आलेली माणसं. मुलाची मुंज, बायकोचं डोहाळजेवण, आईवडिलांची साठी. हैदराबादेत मराठी बोलणारा फोटोग्राफर मिळाला याचंच त्यांना अप्रूप. या बुटीकवाल्या मॅडम त्यांच्यातल्याच. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम काय म्हणतोस? ताई म्हण. आपलीच माणसं आपण."

मग विचारलं, "मूळचे कुठले?"

"नांदेडकडचे."

"आडनाव?"

"मी नुसतं नावच लावतो, मॅडम. पेजवर पण."

त्या हसल्या. "कलाकार लोक!"

मला ताई म्हणता आलं नाही. पण त्यांचा गैरसमज मी राहू दिला. तो माझ्या सोयीचा होता. आडनाव लपवलं, तसं हळूहळू आणखीही लपवायला लागलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या पेजवर डार्क मॉडेल्स खूप दिसतात." खूप नव्हत्या. एकच होती. मी सुजाताचा एक फोटो काढून टाकला. पुढच्या महिन्यात आणखी एक. कुणी सांगितलंही नव्हतं त्या वेळी. मीच पुढचं ओळखून काढला. घरी कोणी आलं तर हॉलमधला निळ्या कोटातला फोटो दिसेल म्हणून गिऱ्हाइकांना घरी बोलवायचं बंद केलं, कॉफी शॉपमध्ये भेटायला लागलो. ज्या फोटोला माय रोज सकाळी हात जोडते, त्याच्यासमोर मी खुर्ची टाकून माणसं बसवू शकत नव्हतो. आणि स्वतःला सांगत होतो की धंदा आहे, धंद्यात असं करावं लागतं.

शूटच्या दुसऱ्या दिवशी मॅडमना फोटो दाखवायला गेलो. लॅपटॉप उघडला. त्या एकेक फोटो पुढे ढकलत होत्या. सुजाताचे फोटो मी वेगळे काढायला विसरलो होतो. की विसरलो नव्हतो, कुणास ठाऊक. ते चांगले आले होते आणि मला ते कुणीतरी बघावेत असं वाटत होतं.

एका फोटोवर त्या थांबल्या.

"किती सुंदर पडलीय साडी," त्या म्हणाल्या. "पदराचा मोर बघ, जिवंत वाटतोय."

"मॅडम, ती..."

"हो, कळलं मला. ती तुझी हेल्पर." त्यांनी फोटो मोठा केला. फक्त साडी दिसेल इतका. "आता पीस ड्रायक्लीनला गेलाय, प्रदर्शनाच्या आधी काही येत नाही. दुसरं काही करताही येणार नाही." जरा विचार केला. "चेहरा तेवढा बदल. त्या मॉडेलचा लाव. आणि हात जरा उजळ कर."

मी म्हणालो, "करतो."

एवढंच म्हणालो. "बघतो" पण नाही. करतो.

दुपारी घरी बसून केलं. सुजाता ड्युटीवर होती, माय शेजारी गेली होती. आधी सुजाताचा चेहरा पुसला. कपाळापासून सुरुवात केली. मग डोळे. एका क्षणी नुसते ओठ उरले होते, हसायच्या बेतात असलेले. तेही पुसले. मॉडेलचा चेहरा दुसऱ्या फोटोतून आणून बसवला. जबड्याखालची सावली जुळेना. उजेड वेगळ्या बाजूचा होता, तो उलटवला. मानेचा रंग, गळ्याचा रंग, दंडाचा रंग, सगळं खेचून वर आणलं. मग हात. सुजाताच्या हातांची कातडी सतत औषधाच्या पाण्याने धुऊन खरखरीत झालीय. ती गुळगुळीत केली. बोटांची पेरं उजळली.

काम चांगलं झालं. सांगायला लाज वाटते, पण फार चांगलं झालं. सांधा कुठेच दिसत नव्हता. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. मला कौतुक वाटलं स्वतःचं. मग माय आली आणि मी लॅपटॉप धाडकन मिटला. तेव्हा कळलं की आपण काय केलंय. कळूनही फोटो मॅडमना पाठवला.

दिवाळीच्या आधी कुकटपल्लीत एका हॉलमध्ये मराठी बायकांचं प्रदर्शन भरलं. साड्या, फराळ, पणत्या, असं. मॅडमचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. माझे हात खरकटे, म्हणून मायने स्पीकर लावून फोन पुढे धरला.

"अरे, एंट्रीलाच लावलाय तुझा फोटो! दहा फुटी! सगळे विचारतायत कोणी काढला."

फोन ठेवल्यावर माय म्हणाली, "चल. दाव मला."

"काय बघायचं त्यात, माय? साड्यांची जाहिरात हाय."

"लेकराचा फोटू एवढा मोठा लावलाय अन् मी बघू नको व्हय?"

मी कारणं सांगितली. गर्दी असते, लांब आहे, तुझे गुडघे दुखतात. तिने ऐकलं नाही. ठेवणीतली साडी नेसली. सुजाताला म्हणाली, तू पण चल. सुजाताने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाही सांगता आलं असतं. तिला बाजूला घेऊन, आपल्याच घरात, आपल्याच माणसाला. मी बूट शोधत राहिलो.

हॉलच्या दारातच फ्लेक्स होता. दोन खांबांना दोरीने ताणून बांधलेला.

माय बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, मोठा आहे म्हणून बघतेय. तिच्या तोंडावर हसू होतं. मग ते हसू राहिलं आणि डोळे बारीक झाले.

"ही तर आपली सुजा हाय की," ती म्हणाली. "मान बघ. अश्शीच टाकती ती मान." ती जवळ गेली. "पण तोंड कुणाचं लावलंय?"

मी खांबाच्या दोरीकडे बघत राहिलो.

सुजाता पुढे झाली. फ्लेक्सवरचा हात तिच्या खांद्याइतक्या उंचीवर होता, पदर धरलेला. तिने आपला हात त्याच्या शेजारी तसाच धरला. बोटांची ठेवण तीच. अंगठा तसाच जरा बाहेर वळलेला. एक हात काळा, एक पिठासारखा. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. हातात हळदी-कुंकवाचं तबक. येणाऱ्या बायकांना दारातच लावत होत्या.

"अरे, आलास! या आई का? या या, काकू." त्यांनी बोट कुंकवात बुडवलं.

मायने हात जोडले. "जय भीम, ताई."

बोट हवेतच थांबलं. अगदी थोडा वेळ. मग मॅडमनी ते बोट तबकाच्या कडेला पुसलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग मला, "बोलला नाहीस कधी."

"काय?"

"नाही, काही नाही. आम्ही हल्ली मानत नाही तसलं काही. पण सांगायचं असतं रे."

तबक त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं, मायपासून लांबच्या. मग सुजाताकडे नजर गेली आणि त्यांना काहीतरी बोलायला सापडलं. "आणि ही तुझी ती हेल्पर ना? हिला पण आणलंस? छान."

"हेल्पर?" माय म्हणाली. "कोन हेल्पर? ही लेक हाय माझी. दवाखान्यात नर्स हाय." ती माझ्याकडे वळली. "कोन म्हनलं रे हिला हेल्पर?"

आजूबाजूला बायका होत्या. कुणी पणत्या बघत होतं, कुणी आमच्याकडे. मॅडम वाट बघत होत्या की मी आता हे हसण्यावारी नेईन. मला ते येतं. कितीतरी वेळा केलंय. "अगं माय, तसं नाही," म्हणायचं, तिला हाताला धरून खुर्चीवर बसवायचं, पाणी आणून द्यायचं आणि मॅडमकडे बघून डोळ्यांनी माफी मागायची. माझे ओठ त्यासाठी उघडले सुद्धा होते.

"मी," मी म्हणालो. "मीच म्हणालो हेल्पर."

माय बघतच राहिली.

मी मॅडमकडे वळलो. "ही माझी सख्खी बहीण आहे. सुजाता. या फोटोत उभी आहे ती हीच. हे हात हिचे, ही मान हिची. तुम्ही सांगितलंत आणि मी चेहरा पुसला. फ्लेक्स खाली घ्या."

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू द्या."

"हे बघ, बाजूला ये. आपण नंतर बोलू."

"बाजूला येत नाही."

मॅडमचा आवाज बदलला. "फोटो माझा आहे. रीतसर घेतलाय मी तुझ्याकडून."

"हो. दिला मीच. मला तो देण्याचा हक्क नव्हता. हिला विचारलंच नव्हतं."

"म्हणजे चूक तुझीच ना?"

"माझीच. म्हणून मीच सोडतो."

मी खांबाजवळ गेलो आणि गाठ सोडायला लागलो. नायलॉनची दोरी, ओढून बांधलेली, नखं दुखायला लागली. हॉलचा वॉचमन धावत आला. "अन्ना, वद्दु, वद्दु!" नको नको म्हणत त्याने माझं मनगट धरलं. बिचाऱ्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. मी दुसऱ्या हाताने ओढत राहिलो. मागून मॅडमचं बोलणं ऐकू येत होतं. "म्हणूनच आडनाव सांगत नव्हता. घरात घेतलं, आपलं मानलं, आणि हे असं. यांचं हे असंच असतं."

मी वळलो. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. कितीतरी वर्षांत मी ते एका दमात उच्चारलं नव्हतं. जीभ अडखळली.

एक बाजू सुटली. फ्लेक्स मधोमध दुमडून लोंबायला लागला. दुसऱ्या गाठीपर्यंत पोहोचलो तेव्हा सुजाता म्हणाली, "राहू दे. चल."

तिने मायचा हात धरला आणि ती बाहेर पडली. मीही गेलो. नंतर कळलं, तासाभरात त्यांनी तो परत बांधला. प्रदर्शन संपेपर्यंत तो तसाच होता.

बाहेर रिक्षा मिळेना. माय कठड्यावर बसली. गुडघे चोळत होती. मला वाटत होतं, सुजाता आता काहीतरी म्हणेल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, ती म्हणेल की बरं केलंस.

ती म्हणाली, "आज बोललास. त्या दिवशी का नाही?"

मी एका रिक्षाला हात केला, ती थांबली नाही.

"त्या बाईचं मला काही वाटत नाही, भाऊ. तसल्या बाया वॉर्डात रोज येतात. दुसरी सिस्टर पाठवा म्हणतात. मी इंजेक्शन देते अन् पुढच्या बेडवर जाते. त्यांचं मी घरी घेऊन येत नाही." ती थांबली. "तुझं घेऊन आले."

"चुकलं माझं."

"शाळेत गॅदरिंगला मला मागच्या रांगेत उभं करायचे. दर वर्षी. काली है, पीछे डालो, म्हणायचे. मी नाचायला चांगली होते. पण फोटोत कधी आलेच नाही. पुढच्या पोरींच्या खांद्याआडून माझं नुसतं कपाळ दिसायचं. तू कॅमेरा आणलास अन् मला म्हणालास, समोर बस. तेव्हा पहिल्यांदा मला कुणी समोर बसवलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत होती. "म्हणून बसायचे मी. पाय दुखत असले तरी."

 ती बोलतच होती.

"पेजवरचे माझे फोटो कुठे गेले तेही माहीत आहे मला. मी रोज बघायचे. तुला नवीन गिऱ्हाईक मिळालं की माझा एक कमी व्हायचा. मी म्हणायचे, जाऊ दे, त्याचं पोट चालतंय. पण तू माझं तोंडच काढून टाकलंस रे. अंग ठेवलंस अन् तोंड काढलंस."

रिक्षा आली. तिने आधी मायला बसवलं.

त्या दिवसापासून ती माझ्या कॅमेऱ्यासमोर बसलेली नाही. घरात बोलते, जेवायला वाढते, माझा ताप बघते. पण मी खिडकीपाशी कॅमेरा काढला की उठून आत जाते. तिचे जुने फोटो पेजवर परत लावायचं माझ्या मनात होतं. रात्रंदिवस तेच मनात होतं, की ते लावले की माझ्या जिवाला थोडं बरं वाटेल. मग लक्षात आलं की यातही मी माझ्याच जिवाचं बघतोय. म्हणून या वेळी आधी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. लावले नाहीत.

मॅडमनी त्यांच्या बायकांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. ठरलेली मुंज गेली, दोन बारशी गेली, एका आजींचा ऐंशीचा कार्यक्रम गेला. कुणी खरं कारण दिलं नाही. सगळे गोड बोलले. तारीख बदलली, भाचा काढणार आहे, असं. तेलुगू डिझायनरांनाही मी सांगितलं की यापुढे कुणाची कातडी उजळणार नाही. एकाने विचारलं, "मग साड्या कशा विकायच्या?" आणि दुसरा माणूस घेतला. माझी पहिली डिझायनर बाई मात्र सोडून गेली नाही. ती म्हणाली, "बघू जमतं का." ती अजून बघतेय. पोटासाठी मी सकाळी चाचांच्या दुकानात परत जातो. पासपोर्ट फोटो काढतो. ती पट्टी मी हात न लावता सोडतो. काही लोक फोटो बघून चिडतात, दुसऱ्या दुकानात जातात. चाचा कपाळाला हात लावतात, पण मला अजून काढून टाकलेलं नाही.

बाबा काही बोलत नाहीत या विषयावर. मायने एकदाच विचारलं, "तुला लाज वाटायची का रे आमची?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं तोंडातून निघेना. "वाटायची," म्हणालो. ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

हे सगळं मी कुणाला धीर यावा म्हणून सांगत नाही. यात मी शूर नाही. त्या हॉलमध्ये मी गाठ सोडली, पण ती गाठ आधी मारली होती मीच. मॅडमनी नुसतं सांगितलं होतं. पुसायचं काम माझ्या हातांनी केलं, आणि माझ्या हातांना ते इतकं चांगलं येत होतं कारण कितीतरी वर्षं ते मी स्वतःवर करत आलो होतो. आडनाव पुसलं, गल्ली पुसली, भिंतीवरचा फोटो पुसला. शेवटी बहीण उरली होती.

आता पेजवर माझं पूर्ण नाव आहे. गिऱ्हाइकाला मी घरी बोलावतो, हॉलमध्ये बसवतो. फोनवर कोणी मराठीत विचारलं, "आपण मूळचे कुठले?" तर पहिल्यांदा जय भीम घालतो, मग आडनाव सांगतो, मग गाव. काही फोन तिथेच संपतात. संपू देत. जो पुढे बोलतो त्याला सांगतो, माणूस जसा आहे तसा निघेल. ज्याचा फोटो आहे त्याला विचारल्याशिवाय तो कुठेही लागणार नाही.

सुजाताने मला माफ केलेलं नाही. मी मागत नाही. तिने कधी करावं, करावं की नाही, ते तिचं. माझ्याकडे फक्त माझे हात आहेत. त्यांनी यापुढे कुणाला पुसायचं नाही. कोणी कितीही गोड बोललं, आपलं म्हटलं, काम बंद पडलं, तरी नाही.